ट्रक पाणी पितोय, गळती कुठेच नाही. हेड गेलंय हे उतरवण्याआधी कसं ओळखायचं?

चिरेवाला

मंडळी, लांज्याकडून चिरा भरून कोल्हापूरला जाणारा सहाचाकी ट्रक आहे. जुनं सहा सिलिंडरचं डिझेल, सेन्सरबिन्सर काही नाही, एअर ब्रेक. हल्ली गाडी पाणी प्यायला लागलीय. सपाटीला तापमानाचा काटा जागच्या जागी. साखरपा सोडून आंबा घाट लागला की अर्ध्या चढावर काटा वर सरकतो. वर पोचून, गार होऊ देऊन झाकण काढावं तर रेडिएटर दीड-दोन लिटर खाली. गाडीखाली थेंब नाही, होज पाईप कोरडे, वॉटर पंपाच्या भोकाला ओल नाही. रेडिएटर तोंडापर्यंत भरून इंजिन चालू ठेवलं की बुडबुडे येतात.

एक मिस्त्री म्हणाला, हेड गॅस्केट (सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पॅकिंग) गेलं. दुसरा म्हणाला, गॅस्केट नाही, हेडलाच क्रॅक आहे, दुसरं हेड बघा. दोघांनी बुडबुडे बघून पाच मिनिटांत निकाल दिला. पावसाच्या तोंडावर खाणीवर माल पडलाय, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. खर्चाला ना नाही, पण सगळं उतरवल्यावर "हेड तर चांगलंच होतं की" हे ऐकायचं नाहीये. ऑईल स्वच्छ आहे. सकाळी थोडा पांढरा धूर असतो, मग साफ. जाणकारांनी लिहावं.

जगबुडीकाठ

चांगला विषय काढलात. एक गोष्ट नीट समजली की लक्षणं पाठ करायला लागत नाहीत. सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेव्हा आतला दाब जुन्या इंजिनातही शंभर बारच्या आसपास जातो, नव्या कॉमन रेलमध्ये दीडशेच्या पुढे. शेजारून फिरणाऱ्या पाण्याचा दाब रेडिएटरच्या झाकणाने धरलेला, जेमतेम १ बार. मध्ये काय, तर गॅस्केट आणि हेडचं लोखंड. तिथे फट पडली की इंजिन चालू असताना गॅस पाण्यात घुसतो आणि पाणी झाकणातून बाहेर ढकलतो. इंजिन बंद केल्यावर उलटा प्रवास. सिलिंडरमध्ये दाब उरलेला नसतो, गरम पाण्यात मात्र असतो, म्हणून पाणी सिलिंडरमध्ये झिरपतं. दिवसभर पाणी कमी होणं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मुका राहून पांढरा धूर येणं, ही दोन्ही एकाच फटीची कामं.

आता तुमचे बुडबुडे. बुडबुडे म्हणजे पाण्यात हवा किंवा गॅस आहे, एवढंच सिद्ध होतं. नुकतं पाणी भरलेल्या इंजिनातून अडकलेली हवाही बराच वेळ येत राहते. म्हणून रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड गाडीवर बघा. रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण काढलेलंच ठेवा आणि स्टार्ट करा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा वॉल्व, साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो. त्याआधीच, पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत एकसारखे बुडबुडे यायला लागले आणि थ्रॉटल दिल्यावर वाढले, तर संशय खरा धरायला हरकत नाही. मग झाकण लावून वरचा होज हाताने दाबून बघा. पाणी अजून थंड असताना होज कडक झाला तर तो दाब वाफेचा असूच शकत नाही.

आणखी एक, फुकटातली परीक्षा. संध्याकाळी गाडी उभी केल्यावर झाकणाला हात लावू नका. सकाळी, पूर्ण थंड झाल्यावर, उघडा. नुसत्या उष्णतेने चढलेला दाब रात्रीत उतरलेला असतो. तरीही सकाळी फुस्स करून हवा सुटली तर ती बाहेरून कुठून तरी घुसलेली आहे.

तुमचा पांढरा धूर कसला आहे? न जळलेल्या डिझेलचा धूरही पांढुरकाच असतो, पण तो डोळ्यांना चरचरतो आणि डिझेलचा वास येतो. डिझेल फवारणारं नोझल ढिलं पडलं किंवा कॉम्प्रेशन कमी असलं की तसा येतो. कूलंटचा धूर रेंगाळतो आणि त्याला गोडसर वास असतो. वासावर थांबा, चव घेऊन बघणारे महाभाग पाहिलेत म्हणून सांगतो: कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं. कुत्री-मांजरं गोड म्हणून चाटतात आणि मरतात, तेव्हा सांडलेलं धुऊन टाका.

वेंगुर्लेकर

अरे मेल्यानु, एवढा कित्याक? आमच्याकडे असलो प्रकार झालो की पयली रेडिएटरात हळद. वाडीतल्या एकान घातल्यान, गळती थांबली, आणि मगे रेडिएटरच थांबलो. खोलून बघता तर आत कढी!

विनोद सोडा, पण बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांबद्दल कोणी सांगेल का? "हेड न उतरवता लीक बंद" असं लिहिलेलं असतं.

जगबुडीकाठ

त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं. फटीपाशी उष्णता लागली की ते काचेसारखं घट्ट होतं. बारीक फटीत काही काळ टिकेलही, पण डिझेलचा दाब बघता घाट चढणाऱ्या गाडीवर भरवसा ठेवू नये. शिवाय ते फटीपर्यंतच जाईल असं नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि ऑईल कूलर वाटेतच असतात. गाडी विकायची असेल तरच लोक ते घालतात, असं माझं मत. जुनी गाडी घेणाऱ्यांनी रेडिएटरच्या तोंडाशी बोट फिरवून बघावं.

संगमेश्वरी फिटर

चिरेवाला दादा, अजून हेडला हात लावू नका. तुमच्या ट्रकला एअर ब्रेक आहेत म्हणताय. मग हवेचा कंप्रेसर इंजिनलाच लागलेला असणार, आणि त्याचं हेड बऱ्याच ट्रकांना इंजिनच्याच पाण्याने थंड होतं. त्या छोट्या हेडचं गॅस्केट गेलं की कंप्रेसर हवा सरळ इंजिनच्या पाण्यात मारतो. बुडबुडे तेच, होज कडक तसाच, पाणी बाहेर फेकणं तेच. मोठं हेड उतरवून, फेसिंग करून (पृष्ठभाग घासून सपाट करून), परत बसवून बुडबुडे तसेच राहिलेले ट्रक माझ्याकडे येतात. मग मालक आणि आधीचा मिस्त्री यांची भांडणं.

ओळखायचं असं. टाकीची सगळी हवा सोडून द्या, इंजिन चालू करा, एक माणूस केबिनमध्ये हवेच्या काट्यावर, एक रेडिएटरपाशी. काटा चढत असताना बुडबुडे जोरात, आणि दाब भरून गव्हर्नरने (दाब पुरा झाला की कंप्रेसरचं भरणं थांबवणारा) फुस्स केलं की बुडबुडे मंद किंवा बंद, तर कंप्रेसर. काट्याशी काही देणंघेणं नाही, थ्रॉटल दिला की वाढतात, तर सिलिंडर. अजून खात्री पाहिजे तर कंप्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून इंजिनकडची तोंडं बंद करा, कंप्रेसरची पाण्याची भोकं उघडी ठेवा आणि दोन-चार मिनिटं इंजिन फिरवून बघा. गाडी रस्त्यावर काढायची नाही त्या अवस्थेत.

आणि हवेच्या टाकीचा कॉक उघडून बघा काय येतं. कोकणात दमटपणामुळे टाकीत पाणी असतंच, ते काही विशेष नाही. पण ते हिरवट आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर ते आभाळातलं नव्हे.

हेड गेल्यासारखं भासवणारी कारणं अजून आहेत. नोझल ज्यात बसतं ती तांब्याची स्लीव्ह सैल झाली तरी गॅस पाण्यात जातो. ती बदलायला गॅस्केट लागत नाही, काही इंजिनांत हेड उतरवावंही लागत नाही. वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारी सिलिंडरची नळी) असेल तर लायनरला बाहेरून बारीक भोकं पडतात किंवा खालच्या रबरी रिंगा कडक होतात, मग पाणी ऑईलमध्ये जातं पण पाण्यात बुडबुडे नसतात. ऑईल कूलर फुटला तर पाण्यावर तवंग येतो, कारण इंजिन चालू असताना ऑईलचा दाब पाण्यापेक्षा जास्त. आणि पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली पांढरी मलई दिसली म्हणून बोंबलत येऊ नका. गावातल्या गावात फिरणाऱ्या, नीट गरमच न होणाऱ्या गाडीत ती दमटपणाने साचते. झाकण सोडा, ऑईल मोजायची काडी बघा. काडीवरचं ऑईल दुधाळ असेल किंवा पातळी न भरता वाढली असेल, तेव्हा घाबरा.

दर्यावर्दी

हर्णैवरून. बोटवाल्यांचं दुखणं जरा वेगळं आहे म्हणून लिहितो. तुमच्याकडे "पाणी कमी होतं" हे पहिलं लक्षण. ज्या बोटीत समुद्राचंच पाणी इंजिनातून फिरवून बाहेर टाकतात, तिथे हे लक्षणच नाही! पाणी कमी व्हायला समुद्र आटायला पाहिजे. बुडबुडे बघायला रेडिएटर नाही. म्हणजे तांडेलाला कळणार कधी, तर ऑईल दुधाळ झाल्यावर किंवा पहाटे स्टार्टर मारल्यावर इंजिन ठक् करून अडकल्यावर.

त्या ठक् आवाजाबद्दल सांगायलाच हवं. रात्रभरात सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो. खलाशी काय करतो, बॅटरी कमी पडली समजून परत परत स्टार्टर मारतो. एकदा का इंजिन तेवढ्यात पेटलं की कनेक्टिंग रॉड वाकलाच. अडकलं की थांबायचं, नोझल काढायची आणि हाताने फिरवायचं. ज्या भोकातून पाणी उडेल तो सिलिंडर.

आमच्याकडे ऑईलची परीक्षा चुलीवर होते. डिझेलचे हात धुऊन, जेवणाचा नव्हे असा एक जुना तवा चांगला तापवायचा आणि काडीवरचा एक थेंब टाकायचा. चांगलं ऑईल पसरतं आणि धूर सोडतं. पाणी असेल तर तडतडतं. लांब उभं राहा, अंगावर उडतं. किंवा बोट रात्रभर बंदरात उभी असेल तर सकाळी स्टार्ट न करता सम्पचा (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचा) बोल्ट थोडा सैल करायचा. पाणी जड, ते तळाला बसतं, आधी तेच बाहेर येतं.

आता माझा प्रश्न. माझं इंजिन हीट एक्स्चेंजरचं आहे, आत गोडं पाणी, बाहेरून खारं. जाळं ओढताना, म्हणजे पूर्ण लोडवर, वरच्या टाकीतून पाणी उसळून बाहेर येतं. बंदरात मोकळं फिरवलं तर काहीच नाही. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तोवर खेचू का?

जगबुडीकाठ

दर्यावर्दी, खेचू नका. लोडवर उसळतं आणि मोकळं असताना शांत, हे बारीक क्रॅक किंवा नुकतं सुटायला लागलेल्या गॅस्केटचं नेहमीचं वागणं. दाब वाढला की फट उघडते. पण तुमच्याकडेही एक खोटं कारण आहे. एक्स्चेंजरची नळी फुटली तर खाऱ्या पाण्याचा पंप समुद्र आत ढकलतो आणि टाकी भरून वाहते. फरक कळायला टाकीतल्या पाण्याचा खारेपणा बघा. कूलंट नसून साधंच गोडं पाणी भरलेलं असेल, तर कोळंबीच्या तळ्यांवर खारेपणा मोजायचं छोटं यंत्र असतं, ते उसनं आणा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. गोड्या पाण्यात त्यातला अंश जरी दिसला तरी कळेल.

खाऱ्या पाण्यावर थेट चालणाऱ्या इंजिनांविषयी एक भर. साठेक अंशांच्या पुढे क्षार आत बसायला लागतात, म्हणून तिथले थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाला उघडणारे असतात. ट्रकचा थर्मोस्टॅट मिळाला म्हणून बसवला, की हेडमधल्या पाण्याच्या वाटा हळूहळू बुजतात. एक्झॉस्ट वॉल्वच्या मधल्या पट्टीला पाणी पोचलं नाही की ती तडकणारच.

आंबापेटी

देवगडहून वाशीला आंबा नेणारा पिकअप, बीएस६, अॅल्युमिनियम हेड. आमचा अनुभव वेगळा. पाणी कमी, पांढरा धूर, गोड वास, सगळं जुळत होतं. बुडबुडे मात्र नाहीत. निघाला ईजीआर कूलर. धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडतात ना, त्या कूलरमध्ये इंजिनचंच पाणी असतं. तो आतून फुटला की पाणी धुरावाटे निघून जातं. नव्या गाड्यांवाल्यांनी आधी तो तपासून घ्यावा.

दुसरं, काट्यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी. पाणी फार कमी झालं की तापमानाचा सेन्सर पाण्याबाहेर, वाफेत राहतो आणि काटा वर जायच्या ऐवजी अचानक खाली पडतो. ड्रायव्हर म्हणतो, बरं झालं, उतरलं. चढावर वर गेलेला काटा कारण नसताना एकदम पडला तर गाडी बाजूला घ्या. अॅल्युमिनियम हेड असेल तर विशेष, कारण अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ब्लॉक लोखंडी, हेड अॅल्युमिनियमचं, मधलं गॅस्केट प्रत्येक गरम-थंडला घासलं जातं. एकदा पाण्याशिवाय तापलं की हेड वाकतं.

सरळमार्गी

हे सगळं ठीक. पण एवढ्या परीक्षा करण्यापेक्षा हेड उतरवून बघितलेलं काय वाईट? शेवटी डोळ्यांनी दिसतं.

संगमेश्वरी फिटर

नाही दिसत साहेब, तीच तर गंमत आहे. क्रॅक केसाहून बारीक, गरम झाल्यावरच उघडणारी. थंड हेड टेबलावर ठेवून भिंगाने बघितलं तरी चकवते. त्याला प्रेशर टेस्ट लागते: पाण्याच्या वाटा पट्ट्या लावून बंद करायच्या, आत हवा भरायची आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं. लोखंडी हेडवर चुंबकीय पावडरनेही क्रॅक उठून दिसते, अॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही म्हणून तिथे रंगाची टेस्ट. आमच्याकडची हेडं त्यासाठी कोल्हापूरला उद्यमनगरात जातात. गाडीचे दिवस मोडतात ते यातच.

आणि उतरवण्याआधी कॉम्प्रेशन घेतलं तर कुठे बघायचं ते आधीच कळतं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सोबत खाली असतील तर दोघांच्या मधली गॅस्केटची पट्टी गेली. एकच खाली असेल तर वॉल्व, रिंग, क्रॅक, काहीही. त्या सिलिंडरला वरच्या टोकाला आणून नोझलच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून सूं आला तर एक्झॉस्ट वॉल्व, ऑईलच्या झाकणातून आला तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर मग बोला हेड. हवा सोडताना पाना क्रँकवर ठेवू नका, इंजिन फिरलं तर हात जाईल.

जगबुडीकाठ

+१. गॅस ओळखायचं निळं द्रव मिळतं तेही वापरता येईल. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून वरची हवा त्यातून ओढायची. कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. मात्र ही टेस्ट पेट्रोलवर जितकी झटपट दिसते तितकी डिझेलवर दिसत नाही. डिझेल जास्तीच्या हवेत जळतं, त्यामुळे मोकळ्या फिरण्यात धुरात कार्बन डायऑक्साइड कमी. रंग हिरवटावरच थांबला तरी दुर्लक्ष करू नका, आरपीएम वाढवून बघा. रेडिएटरमधलं पाणीच नळीत ओढलं गेलं तर टेस्ट बाद. चिरेवाल्यांना याचा दुसरा उपयोग आहे: बुडबुडे भरपूर आणि द्रव निळंच राहिलं, तर ती धुराची नसून साधी हवा आहे.

चिरेवाला

फिटर दादा, तुमच्या घरी एक हापूसची पेटी पोचवतो.

सगळी हवा सोडून गाडी चालू केली. मुलगा केबिनमध्ये, मी रेडिएटरवर. काटा वर चढत होता तोवर तोंडाशी पाणी नुसतं रटरटत होतं, आणि इंजिनला हात लावला तर अजून थंड. गव्हर्नर फुस्स झाला आणि पाणी शांत. एखाद-दुसरा बुडबुडा, बस. मुलाला ब्रेक मारायला सांगितलं, काटा उतरला, कंप्रेसरने परत भरायला घेतलं की परत रटरट. थ्रॉटल देऊन बघितला, दाब पूर्ण असताना काहीच फरक नाही. टाकीचा कॉक उघडला तर आधी तपकिरी पाणी आणि मागून हिरवट. बोटावर घासलं, बुळबुळीत. कंप्रेसरचं हेड खोललं, गॅस्केटला हवेच्या आणि पाण्याच्या वाटेमध्ये काळा ओघळ, काडी आरपार जाईल एवढा. इंजिनच्या हेडला कोणी हात लावलेला नाही.

एक शंका राहतेच. चढावर तर ब्रेक लागतच नाही, मग काटा घाटातच का चढायचा?

जगबुडीकाठ

कारण पाणी घाटात जात नव्हतं. खाणीपासून साखरप्यापर्यंतच्या वळणावळणाच्या, चढ-उताराच्या रस्त्याला तुम्ही सतत ब्रेक मारता, कंप्रेसर सतत भरतो, पाणी थोडं थोडं झाकणातून फेकलं जातं. जमिनीवर थेंब दिसत नाही कारण तो चालत्या गाडीतून पडतो. कमी पाण्यात सपाटी निभावते, घाट निभावत नाही.

तरी रेडिएटर बाहेरून बघाच. जांभ्याच्या खाणीतली लाल धूळ आणि इंजिनची ऑईलची वाफ मिळून जाळीत जो थर बसतो तो समोरून दिसत नाही, इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी दुसरी जाळी) असेल तर दोघांच्या मध्ये बसतो. पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेला, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा मारलात तर पत्रे मुडपतील. आणि थर्मोस्टॅट आहे का बघा. "कोकणात थंडी कुठेय" म्हणून काढून टाकायची पद्धत आहे. ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत फिरतं. म्हणजे सकाळी इंजिन नीट तापत नाही आणि घाटात जास्त तापतं.

पाणी कुठलं भरता? खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी असेल तर बंद करा. कूलंट पाण्यात निम्मं-निम्मं.

दर्यावर्दी

बोट वर ओढली, हेड उतरलं. टाकीतलं पाणी खारं नव्हतं, तेव्हाच कळलं होतं. तिसऱ्या सिलिंडरला दोन वॉल्वच्या सीटमध्ये क्रॅक, प्रेशर टेस्टला गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुड्यांची बारीक रांग आली. हेड बाद.

पण खरी मजा पुढे. खाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (आतलं पात्यांचं चाक) काढला तर पाती पूर्ण. म्हटलं पंप ठीक. फिटर म्हणाला, हा नवीन दिसतोय, आधीच्याची पाती कुठे आहेत? एक्स्चेंजरचं झाकण काढलं, तर जुन्या इंपेलरचे तुकडे नळ्यांच्या तोंडावर चिकटून बसलेले. कोणीतरी कधीतरी इंपेलर बदलला, तुटलेली पाती शोधली नाहीत. निम्म्या नळ्या बंद. लोडवर इंजिन किती दिवस तसंच तापत असेल देव जाणे. नवीन हेड तसंच चढवलं असतं तर पुढच्या मोसमात परत हेच.

भातगिरणवाला

छोटा प्रश्न. गिरणीला एक सिलिंडरचं जुनं इंजिन आहे. हेडच्या कडेने काळा ओघळ येतो आणि चालताना फट्-फट् असा आवाज. पाणी वगैरे काही जात नाही.

संगमेश्वरी फिटर

गॅस्केट बाहेरच्या बाजूला सुटलंय. साबणाचं पाणी लावा, फेस येईल तिथे. नट घट्ट करून काही दिवस चालेल, पण गॅस कडेने जात राहिला की हेडच्या लोखंडात नाली पडते. ती पडायच्या आत बदला.

दर्यावर्दी

नवीन हेड आलंय. गॅस्केट मागवताना दुकानदार विचारतो, किती खाचांचं? हे काय प्रकरण? आणि बोल्ट जुनेच चालतील का?

जगबुडीकाठ

जुनं गॅस्केट फेकलं नसेल तर त्याच्या कडेला बघा, खाचा किंवा भोकं असतील. त्या जाडी सांगतात. डिझेलमध्ये पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या पातळीच्या किंचित वर येतो, तो किती वर येतो त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. ब्लॉकला हात लावलेला नाही, पिस्टन तेच, तर जुन्याइतक्याच खाचांचं घ्या. ब्लॉकचं फेसिंग केलं असेल तर डायल गेज लावून सगळे पिस्टन मोजा आणि सर्वात वर येणाऱ्यावरून ठरवा. पातळ बसवलं तर पिस्टन वॉल्वला किंवा हेडला लागेल, जाड बसवलं तर सकाळी स्टार्टिंगला रडेल.

बोल्ट आधी टॉर्क आणि नंतर अंशात फिरवून आवळायचे असतील तर ते ताणले जातात, नवेच घ्या. ब्लॉकमधली बोल्टची भोकं हवा मारून कोरडी करा. तळाशी पाणी किंवा ऑईल राहिलं आणि वर बोल्ट आवळला तर ब्लॉक फुटू शकतो. आवळायला मधून सुरुवात, बाहेरच्या बाजूला जायचं, तीन-चार टप्प्यांत. पूर्ण स्टीलचं गॅस्केट असेल तर त्यावर कंपनीने सांगितल्याशिवाय कसलाही चिकटा लावू नका आणि नंतर परत आवळू नका. जुन्या पद्धतीचं असेल तर काही तास चालवून परत आवळायला सांगतात, ते मॅन्युअलमध्ये असतं.

दर्यावर्दी

दोन खाचा आहेत. ब्लॉकला हात लावलेला नाही, तीच ऑर्डर देतो. बोल्ट नवे सांगितले, आणि इंपेलरही एक जास्तीचा घेतोय, बोटीवर ठेवायला.